वेणीअक्काचा मानाजी

म्हैसुरात आमच्या मराठी लोकांकडे लग्न-मुंज निघाली की पानं मांडणारा आधी विचारतो, "मानाजीचं पान कुठल्या अंगाला?" मानाजीचं पान म्हणजे पंगतीतलं, बसणाऱ्यांच्या डाव्या हाताला येणारं, अगदी टोकाचं पान. त्यावर कृष्णवेणीअक्का बसते. ती यायची असली तर ते रिकामं राहतं. पाहुणे ताटकळत उभे राहतील, पण तिथं कुणी टेकणार नाही. वेंकोबा आचारी नव्या वाढप्यांना सांगतो, की हा रिवाज आपल्या पूर्वजांबरोबर घोड्यावर बसून इकडे आला. एकदा बेंगळूरहून आलेल्या एका गृहस्थाने त्या रिकाम्या पानाला वाकून नमस्कार केला आणि पुढ्यात झेंडूचं फूल ठेवलं. मी बाजूलाच होतो. सांगावंसं वाटलं, पण इतक्या भक्तीने वाकलेल्या माणसाला मध्येच उठवणं बरं दिसत नाही.

खरं कारण एवढंच, की वेणीअक्का डावरी आहे. लिहिते डाव्याने, भाजी चिरते डाव्याने, आणि जुन्या बायका कानांवर हात ठेवतात ती गोष्ट म्हणजे, जेवतेही डाव्याने. पंगतीत मध्ये बसली की तिचं डावं कोपर आणि शेजारच्याचं उजवं कोपर यांची सारभातावर गाठ पडते. माझ्या एका पांढऱ्या शर्टाची बाही त्या गाठीतून गेलेली आहे. तो शर्ट धुवायला काढला की अंबुजा, म्हणजे माझी बायको, मला अजून विचारते, "तुम्हाला दुसरीकडे बसायला काय झालं होतं?"

आमची आणि अक्काची बोगादीतली घरं एका भिंतीची. भिंत बांधणाऱ्याने विटा कमी वापरल्या, त्याचा दोष मला नको. जे पुढे सांगतो आहे त्यातलं थोडं मी पाहिलं, थोडं अक्काने सांगितलं आणि उरलेलं भिंतीतून आलं.

अक्काचं माहेर मंडी मोहल्ल्यातलं. घराणं शिलेदारांचं. पूर्वजांनी म्हैसूरच्या राजांच्या घोडदळात तलवारी गाजवल्या, असं त्या घरातली सगळी माणसं सांगत. तिचे वडील तुकोजीराव मात्र रेशमाच्या कारखान्यात नोकरीला होते आणि घोड्याला इतके भीत, की टांग्यात बसायची वेळ आली तर घोड्याकडे पाठ करूनच बसत. आई गोदावरीबाई कडक. मुलगी डावरी निघाली म्हणून तिने उपास केले, नवस केले, आणि देव दाद देईना तसं जेवताना पोरीचा डावा हात परकराच्या नाडीने बांधायला सुरुवात केली. वेणी उजव्या हाताने जेवायची म्हणजे निम्मं जेवण जमिनीला मिळायचं. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईला तिने डाव्या हाताने विडा दिला, तेव्हा त्या बाईने विडा घेतला नाही, उलट गोदावरीबाईला न्हाऊन घ्यायला सांगितलं. शाळेत पोरं तिला "एडची" म्हणत. कानडीत एडची म्हणजे डावरी, पण पोरांच्या तोंडून तो शब्द दगडासारखा यायचा. वेणी शाळेला जायच्या वेळी रोज पोट दुखल्याचं सोंग करू लागली.

अशात एके दिवशी तुकोजीराव एक पुस्तक घेऊन आले. मंडी मोहल्ल्यात एका देवळाच्या मागच्या खोलीत मराठी पुस्तकांचं एक कपाट होतं. त्याला सगळे वाचनालय म्हणत. त्यातली ही मुलांची कादंबरी, नाव 'डाव्या हाताचा मानाजी'. वेणीला ती वाचता येणं शक्य नव्हतं. आमच्याकडे तेव्हा असंच होतं, आणि आताही फार वेगळं नाही: तोंड मराठी आणि डोळे कानडी. घरात मराठी बोलायचं, शाळेत कानडी अक्षरं गिरवायची. मराठी पुस्तक म्हणजे पोरांना मुंग्यांची रांग. मग रोज दिवेलागणीला देवापुढे हात जोडून झाले, की तुकोजीराव भिंतीला टेकून बसत आणि मुलीला वाचून दाखवत. पुस्तकातली भाषा पुण्याकडची, आमच्या घरांत निम्मी कळायची. म्हणून ते वाचता वाचता ती आमच्या मराठीत वळवून सांगत.

मानाजी हा पागेत वाढलेला पोरका मुलगा. डावरा. त्याला शिलेदार व्हायचं असतं, पण कवायतीत त्याचा भाला शेजारच्याच्या भाल्यात अडकतो आणि सगळी रांग कोसळते. सरदार त्याला हाकलून देतो. मग प्रकरणामागून प्रकरण मानाजीचा डावा हातच कामाला येतो. एकदा किल्ल्याच्या बुरुजात वर जाणारा गोल जिना असतो. जिना अशा बाजूने वळलेला, की वर चढणाऱ्याचा उजवा हात भिंतीला घासतो, तलवार उगारताच येत नाही. मानाजीचा डावा हात मोकळा. तो एकटा वर जातो आणि दरवाजा उघडतो. हे प्रकरण ऐकून वेणी दुसऱ्या दिवशी शाळेत फूटपट्टी घेऊन गेली आणि "एडची" म्हणणाऱ्या पोराला गच्चीच्या जिन्यावर गाठलं. जिना सरळ होता, त्यामुळे दोघांनाही सारखाच मार बसला. पण पोटदुखी त्या दिवसापासून गेली.

आणि शेवट. शेवट अक्का सांगते तेव्हा अजूनही पदर खोचून उभी राहते. राजाचा दरबार भरतो. सरदार म्हणतात, महाराज, पराक्रम खरा, पण डावऱ्याला शिलेदारांच्या पंगतीत कसं बसवायचं? राजा सगळ्यांना घोड्यावर बसायला सांगतो. मग विचारतो, "लगाम कुठल्या हातात आहे?" सगळे खाली बघतात. तलवारीसाठी उजवा हात मोकळा हवा म्हणून लगाम सगळ्यांच्याच डाव्या हातात. राजा म्हणतो, "तुमच्या उजव्या हाताची मिजास तुमचा डावा हात चालवतो. मानाजीचं पान माझ्या पंगतीत डाव्या टोकाला मांडा. ती जागा त्याची. दुसरं कुणी बसायचं नाही."

झालं. वेणीने त्याच रात्री जेवताना डाव्या टोकाचा पाट मागितला. गोदावरीबाई नाडी घेऊन आली. तुकोजीराव म्हणाले, "राजाचा हुकूम आहे. पुस्तकात छापलाय." गोदावरीबाईला कुठलीच अक्षरं येत नव्हती, त्यामुळे छापलेल्या गोष्टीचा तिला फार धाक. "पुस्तकात आहे?" तिने दोनदा विचारलं. "आहे." तिने नाडी परत परकरात ओवली.

पुढचं आयुष्य अक्काने त्या डाव्या टोकावर बसून काढलं. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी लागली तिथेही बोर्डाच्या डाव्या टोकाची खुर्ची तिची. बघायला आले तेव्हा कॉफीचा ट्रे डाव्या हातावर तोलून आली. मुलाच्या आत्याने भुवई वर केली, तशी हिने उभ्या उभ्या मानाजीची गोष्ट सुरू केली. उप्पीट गार झालं. बुरुजाच्या जिन्यापाशी आल्यावर आत्या म्हणाली, "बस, उशीर होतो," आणि सगळी मंडळी उठली. मुलगा, म्हणजे भुजंगराव, दुसऱ्या दिवशी एकटाच परत आला. पुढे काय झालं ते ऐकायचं होतं म्हणाला. भुजंगराव आता नाहीत. पण शेवटपर्यंत ते सांगत, की मी लग्न मानाजीशी केलं, ही सोबत आली.

आता गंमत बघा. मानाजीची गोष्ट सगळ्या म्हैसूरच्या मराठी मंडळींना पाठ, पण पुस्तक कुणीच वाचलेलं नाही. सगळ्यांनी ते अक्काकडून ऐकलेलं. आणि अक्काने बापाकडून. हायस्कुलात हिंदीमुळे तिला ती अक्षरं येईपर्यंत कपाटाला वाळवी लागून पुस्तकं गेली होती. तिला त्याचं काही वाटलं नाही. पाठ असलेलं पुस्तक कोण शोधतं?

शोधायची वेळ आणली तुळसीने. तुळसी ही अक्काची नात, मुलगा चिदंबर आणि सून वनजा यांची एकुलती. बोलायला लागायच्या आधीच तिने डाव्या हाताने माझा चष्मा ओढला होता, तेव्हाच मी अंबुजाला म्हटलं, "पंगतीत अजून एक पान वाढलं." अक्काला आनंद मावेना. पण पोरीला दुसरी आजीही होती.

सुमित्राबाई, वनजाची आई. सांगलीच्या. तिकडे शाळेत मराठी शिकवण्यात हयात गेली. मुलाला म्हैसुराजवळ हूटगळ्ळीतल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून निवृत्तीनंतर त्याच्याकडे आल्या. दर शनिवारी बस पकडून बोगादीला येत आणि येताच आमचं मराठी दुरुस्त करायला घेत. मी एकदा त्यांना "जेवण झालं की काय?" असं आमच्या पद्धतीने विचारलं, तर जेवणाचं बाजूला राहिलं आणि माझं वाक्यच त्यांनी तीनदा म्हणून घेतलं. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांच्याजवळ उभं राहिलं की आपली नखं वाढलेली आहेत असं वाटत राहतं.

त्या वर्षी विजयादशमीला तुळसीचा अक्षराभ्यास ठरला. आमच्याकडे दसऱ्याला पोराला मांडीवर घेतात, ताटात तांदूळ पसरतात आणि मोठ्या माणसाने हात धरून त्यावर 'श्री' काढायचा. तो पहिला हात. कुठला हात, हा प्रश्न आजवर कुणाच्या घरी आला नव्हता. इथं तो नवरात्र बसायच्या आधीच आला.

"उजवा," सुमित्राबाई म्हणाल्या. "शाळेत पोरीचे हाल होतात. मी डोळ्यांनी पाहिलेत. लहान आहे तोवर वळेल."

"माझे झाले नाहीत," अक्का म्हणाली.

"तुमचं नशीब."

"नशीब कसलं, विहीणबाई? मानाजी होता."

चिदंबर म्हणाला, "अम्मा, पुन्हा मानाजी नको." वनजा दोन्हीकडच्या कॉफीत साखर ढवळत होती, आणि एका कपात ती आधीच घातलेली होती. तो कप मला आला.

सुमित्राबाईंना मानाजीची गोष्ट तोंडी माहीत होती. या घरात मुलगी दिल्यावर ती चुकत नाही. त्या म्हणाल्या, "तोंडी गोष्टीला काही अर्थ नसतो. पुस्तक दाखवा. मी छापलेल्या शब्दाबाहेर जात नाही."

"पुस्तकात जे असेल ते मानाल?" अक्काने विचारलं.

"मानेन. तुम्ही?"

"पुस्तकात काय आहे ते मला ठाऊक आहे की. मानते."

मी साक्षीदार. दोघी विहिणींनी माझ्यासमोर शब्द दिला. अक्काने डावा हात पुढे केला, सुमित्राबाईंनी उजवा, आणि ते हात एकमेकांत बसेनात. शेवटी नमस्कारावर भागवलं.

पुस्तक अक्काला कुठून मिळायचं? पण सुमित्राबाई मास्तरीण. त्यांनी सांगलीच्या भावाला कामाला लावलं. त्याने कुठल्याशा जुन्या वाचनालयातून एक प्रत मिळवली आणि नवरात्रात ती म्हैसुरात पोचली. बाईंनी ती आधी वाचली नाही. त्यांचं म्हणणं, वाचायचं तर सगळ्यांसमोर, नाहीतर उद्या कुणी म्हणेल मी काही गाळलं. इतका सचोटीचा माणूस ओळखीत नसावा, फार त्रास होतो.

नवमीला अक्काच्या घरी हॉलमध्ये, इकडच्या दसऱ्याच्या रिवाजाप्रमाणे, पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या होत्या. त्या बघायला येणाऱ्या पोरांना जो खाऊ देतात त्याला इथे चरपू म्हणतात. त्या दिवशी चरपूला हरभऱ्याची उसळ होती, आणि मानाजीचं पुस्तक आलंय म्हटल्यावर गल्लीतली सगळी मोठी माणसंही चरपूची पोरं होऊन आली. बाई खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि दुपारीच वाचायला सुरुवात केली. अक्का समोर जमिनीवर, तुळसी तिच्या मांडीवर.

वाचन उत्तम. पागेतलं प्रकरण झालं, भाल्यांचं झालं. अक्का प्रत्येक वाक्याच्या आधी ओठ हलवत होती आणि पुस्तक तिच्या मागून येत होतं. अधूनमधून आमच्याकडे बघायची, बघितलंत ना, अशी. बुरुजाचा जिना आला तेव्हा पोरांनी ताटल्या खाली ठेवल्या. सुमित्राबाईंचाही आवाज वर चढला. वाचता वाचता त्यांचा स्वतःचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला होता. मी अंबुजाला कोपराने खुणावलं. ती म्हणाली, "गप्प बसा, ऐकू द्या."

शेवटच्या प्रकरणापर्यंत दिवे लागले होते. तुळसी मांडीवरच झोपून गेली होती. बरंच झालं.

कारण दरबार भरला, सरदारांनी शंका काढली, आणि आता राजा सगळ्यांना घोड्यावर बसवणार म्हणून आम्ही पुढे सरकलो, तर तिथं एक साधू आला. छापलेला साधू. त्याने मानाजीच्या उजव्या हाताला अंगारा लावला. हातात बळ आलं. मानाजीने उजव्या हाताने तलवार उपसली, राजाने त्या उजव्या मनगटात सोन्याचं कडं घातलं, आणि "त्या दिवसापासून मानाजी चारचौघांसारखा झाला" असं म्हणून पुस्तक संपलं.

लगाम नाही. पंगत नाही. पान नाही.

मागून वेंकोबा आचाऱ्याचा आवाज आला, "मग आपण इतकी वर्षं ते पान कुणासाठी मांडतोय?"

सुमित्राबाईंनी पुस्तक मिटलं. जिंकलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखतो, तसा तो नव्हता. त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं, मागची पानं चाळली, शिवण तपासली, मध्ये काही गळलंय का बघितलं. काही गळलं नव्हतं.

अक्का उठली. तुळसीला आत निजवून आली आणि सगळ्यांना कॉफी दिली. उजव्या हाताने. पहिलाच कप सुमित्राबाईंच्या साडीवर गेला. त्यांनी नुसता पदर झटकला, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

लोक पांगले. मी उसळीचं पातेलं परत करायला स्वयंपाकघराकडे गेलो. पातेलं अक्काचंच होतं आणि ते तिच्याच हॉलमध्ये होतं, पण पोचवणारं कुणीतरी हवं. आत दोघी विहिणी.

अक्का ओट्याला टेकून उभी होती. "बाबांनी गोष्टीच्या शेवटच्या दिवशी पाणी मागितलं होतं," ती म्हणत होती. "वाचता वाचता थांबले. खोकले. पाणी प्याले. मग पुढचं सांगितलं ते कितीतरी वेळ, आणि पान एकच. उलटलंच नाही. मी लहान, मला वाटलं मोठं पान असेल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पुस्तक परत देऊन आले. एरवी वस्तू परत द्यायची म्हणजे त्यांना आठवण करून द्यावी लागायची."

"म्हणजे लगाम त्यांचा," सुमित्राबाई म्हणाल्या.

"घोड्याला घाबरणारा माणूस. लगाम त्यांनी दुरूनच बघितलेला." अक्का हसली, आणि ते हसणं अर्ध्यावर राहिलं. "जाऊ द्या. शब्द दिलाय. उद्या उजव्या हाताने होऊ दे."

"ते प्रकरण वाईट आहे," सुमित्राबाई एकदम म्हणाल्या.

"कुठलं?"

"शेवटचं. अहो, सगळं पुस्तकभर पोरगा डाव्या हाताने पुढे आला. आणि शेवटी अंगारा? साधू आधी कुठं होता? एका ओळीत तरी दिसला का? असा निबंध माझ्या वर्गात आला असता तर मी लाल शाईने अख्खं पान खोडलं असतं. घाईत उरकलंय. जेवायला हाक आली असेल लेखकाला."

"छापलंय ना, विहीणबाई."

"छापलं म्हणून काय झालं?" हे म्हणून त्या स्वतःच दचकल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं प्रकरण पुन्हा सांगा बघू. राजा घोड्यावर बसायला सांगतो, तिथपासून. हळू सांगा."

"कशाला? शब्द दिलाय म्हटलं ना."

"सांगा तर."

अक्काने मला दारात पाहिलं. "प्राणेश, पातेलं ठेव आणि घरी जा. भिंतीला कान लावून ऐक, तिथूनच बरं पडतं तुला." मी घरी आलो. भिंतीतून लगाम ऐकू आला, पंगत ऐकू आली. मध्ये मध्ये सुमित्राबाईंचा आवाज: "महाराज म्हणाले, की मग म्हणाले? बरं, पुढे." पण निर्णय काय झाला ते ऐकू आलं नाही. मला झोप लागेना. अंबुजा म्हणाली, "उद्या अक्षराभ्यास तुमचा आहे का?"

दसऱ्याच्या सकाळी आम्ही आंघोळ करून हजर. व्यासराजाचार पूजा सांगायला आलेले. पितळी ताटात तांदूळ पसरलेले, तुळसी जरीच्या परकरात. मान साहजिकच जिंकलेल्या विहिणीचा, त्यामुळे पाटावर सुमित्राबाई बसल्या आणि पोरीला मांडीवर घेतलं. अक्का खांबाशी उभी. दोन्ही हात पदरात गुंडाळून, जणू त्यांना थंडी वाजत होती.

व्यासराजाचार म्हणाले, "हात धरा."

सुमित्राबाईंनी तुळसीचा उजवा हात धरला. तुळसीने तो सोडवून घेतला आणि विचारलं, "सांगलीआजी, मानाजीचं काय झालं? मला झोप लागली."

"ते मग," वनजा म्हणाली.

"आत्ता. राजा काय म्हणाला?"

मुहूर्त जातो म्हणून व्यासराजाचारांनी घसा साफ केला. चिदंबरने घड्याळ बघितलं. सुमित्राबाईंनी अक्काकडे बघितलं. अक्काने मान हलवली, वाचा म्हणून. दिलेला शब्द पाळणाऱ्या घराण्यातली ती.

"वनजा, पुस्तक दे," सुमित्राबाई म्हणाल्या.

पुस्तक आलं. बाईंनी चष्मा लावला, शेवटचं प्रकरण काढलं, पुस्तक चेहऱ्यासमोर उभं धरलं आणि वाचायला लागल्या. दरबार भरला. सरदारांनी शंका काढली. इथे त्या थांबल्या. खोकल्या. म्हणाल्या, "वनजा, जरा पाणी."

अक्काचे हात पदरातून सुटले.

पाणी पिऊन बाई पुढे वाचू लागल्या. "राजाने सर्व शिलेदारांना घोड्यावर स्वार होण्याची आज्ञा केली," असं अगदी पुस्तकी, शुद्ध, सांगलीच्या मराठीत. लगाम आला. सरदारांच्या माना खाली गेल्या. राजाने मानाजीचं पान आपल्या पंगतीत डाव्या टोकाला मांडायचा हुकूम दिला, आणि "ही जागा त्याची. अन्य कोणी तेथे बसू नये." साधू आला नाही. बहुतेक रात्रीत त्याला सांगलीच्या गाडीत बसवून दिला होता.

"पुस्तकात आहे?" तुळसीने विचारलं.

सुमित्राबाईंनी पुस्तक मिटून मांडीखाली ठेवलं. "आहे," त्या म्हणाल्या.

मग पोरीचा डावा हात धरायला गेल्या तर जमेना. मांडीवरचं पोर, त्याचा डावा हात आणि आपला उजवा, म्हणजे पोरीच्या पोटावरून हात आडवा न्यावा लागतो. दोनदा तांदूळ सांडले. तिसऱ्यांदा तुळसीच म्हणाली, "गुदगुल्या होतात."

"या हो तुम्ही," सुमित्राबाई वैतागून म्हणाल्या. "हे तुमच्याच खात्यातलं काम आहे."

अक्का पाटावर बसली. डाव्या हातात डावा हात धरला आणि तांदळात 'श्री' उमटला. व्यासराजाचारांनी अक्षता टाकल्या. शास्त्रात डाव्याचं कसं, असं मी त्यांना हळूच विचारलं, तर म्हणाले, "प्राणेश, मला अजून दोन घरी जायचंय."

सुमित्राबाई वाकून ताटात बघत होत्या. "वेलांटी लहान झाली," त्या म्हणाल्या. "पुन्हा काढा."

दुपारी पंगत बसली. डाव्या टोकाच्या पानावर तुळसी, तिच्या शेजारी अक्का. दोन डावऱ्या लागून बसल्या तर कोपराला कोपर लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. अक्काच्या पलीकडे सुमित्राबाई, आणि त्यांच्या पलीकडे मी, जुनाच शर्ट घालून.

सारभात आला तेव्हा मी हळूच म्हटलं, "बाई, सकाळी वाचताना एक पान उलटायचं राहिलं तुमचं."

सुमित्राबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. वेंकोबा आचाऱ्याला हाक मारून त्या म्हणाल्या, "यांना उसळ वाढा. तोंड भरून वाढा."